गँडाल्फ पूर्वेला जात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत टोल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीतल्या गँडाल्फवर आलेला लेख वाचला. मराठी दैनिकात या जादूगाराला इतकी जागा मिळाली याचा आनंद आहेच. पण लेखातली तीन विधाने तशीच राहिली, तर मूळ पुस्तकाकडे वळणाऱ्या नव्या वाचकाला चकवा लागल्याशिवाय राहणार नाही. पहिले विधान असे की गँडाल्फ हे त्याचे खरे नाव आणि बाकीची टोपणनावे. दुसरे असे की मध्य-पृथ्वीचा, म्हणजे टोल्किनच्या कल्पित जगाचा, कानाकोपरा त्याने पालथा घातला. तिसरे म्हणजे कथेच्या हजारो वर्षे आधीच्या दुसऱ्या युगात तो आगीच्या गोळ्यातून आकाशातून पडला. ही २०२२ साली सुरू झालेल्या ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ या मालिकेतली कल्पना आहे, पण लेखात ती टोल्किनची म्हणून आली आहे. तिन्ही चुकांचे मूळ एकच. लेखकाने नावांची यादी कोशातल्या समानार्थी शब्दांसारखी वाचली. प्रत्यक्षात प्रत्येक नावामागे एक प्रदेश आहे, हाक मारणारे लोक आहेत आणि एक काळ आहे. त्यामुळे यादी नीट वाचली की तो कुठे कुठे हिंडला हे कळते आणि कुठे पाऊल टाकले नाही हेही कळते.

यादी सापडते ‘द टू टॉवर्स’ या दुसऱ्या खंडात (नोव्हेंबर १९५४), चौथ्या भागाच्या पाचव्या प्रकरणात. तिथे गँडाल्फ स्वतः हजर नाही. गोंडोर या माणसांच्या राज्यातला फारामिर, साउरॉनची अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडो या हॉबिटाला (हॉबिट म्हणजे बुटके, साधे लोक) सांगतो की लहानपणी आपण त्याच्या तोंडून हे ऐकले. म्हणजे ही ऐकीव साक्ष आहे, पण साक्षीदार विश्वासाचा. यादीत नावे पाच. एल्फ या अमर लोकांमध्ये मिथ्रांदिर, ड्वार्फ या ठेंगण्या कारागिरांमध्ये थार्कून, विसरल्या गेलेल्या पश्चिमेत तरुणपणी ओलोरिन, दक्षिणेत इंकानुस आणि उत्तरेत गँडाल्फ. शेवटी तो तोडून सांगतो की पूर्वेला मी जात नाही. लेखात पाचही नावे आली आणि हे शेवटचे वाक्य तेवढे गळाले. नेमके तेच सगळ्यात कामाचे होते.

खरे नाव म्हणायचेच तर मान ओलोरिनचा. हे क्वेन्या भाषेतले, म्हणजे उच्च एल्फांच्या जुन्या बोलीतले नाव, आणि त्याचा संबंध स्वप्नाशी, दर्शनाशी जोडलेला आहे. समुद्रापलीकडच्या वालिनोरमध्ये तो माणूसही नव्हता आणि म्हातारा तर नव्हताच. तो मायारांपैकी एक होता, म्हणजे थोर शक्तींच्या हाताखालचा एक आत्मा. ‘द सिल्मॅरिलियन’मध्ये (१९७७) तो लोरिएनच्या बागांत राहायचा, पण वरचेवर निएन्नाच्या घरी जायचा आणि करुणा व धीर तिच्याकडून शिकला, असे आहे. ‘अनफिनिश्ड टेल्स’मध्ये (१९८०) त्याच्या नेमणुकीची हकीकत आहे, ती अवश्य वाचावी. सभा भरलेली असते. साउरॉन या कथेतल्या खलनायकाविरुद्ध दूत, म्हणजेच पुढचे जादूगार, पाठवायचे असतात. थोर शक्तींचा राजा मानवे विचारतो, ओलोरिन कुठे आहे? तो नुकताच प्रवासातून आलेला, राखाडी कपड्यांत सभेच्या कडेला बसलेला. जायला सांगितल्यावर तो म्हणतो की मी दुबळा आहे आणि मला साउरॉनची भीती वाटते. मानवेचे उत्तर असे की मग तर तूच जायला हवे, आणि तो त्याला तिसरा म्हणून जाण्याची आज्ञा करतो. तेव्हा त्याची राणी वार्दा मान वर करून म्हणते, तिसरा म्हणून नव्हे. बोलणे एवढेच. पण कुरुमोने, म्हणजे पुढे जादूगारांचा प्रमुख झालेल्या सारुमानने, ते मनात ठेवले. पुढे दोन हजार वर्षे हा माणूस गँडाल्फवर का जळत होता, याचे मूळ इथे आहे.

गँडाल्फ हे उत्तरेकडच्या माणसांनी दिलेले नाव. त्याचा अर्थ काठीवाला एल्फ. तो एल्फ नव्हता, पण एल्फांत ऊठबस असलेला, हातात काठी घेतलेला, वर्षानुवर्षे तसाच दिसणारा म्हातारा पाहून साध्या माणसांनी तसा तर्क केला आणि नाव चिकटले. ड्वार्फांचे थार्कून त्याच काठीवरून पडले आहे. मिथ्रांदिर सिंडारिन या एल्फांच्या रोजच्या बोलीतले, म्हणजे राखाडी यात्रेकरू. घरी बंड्या, शाळेत विनायक आणि कचेरीत जोशी अशा माणसाचे खरे नाव कोणते, असे आपण विचारत नाही. कोणी हाक मारली ते विचारतो. इथेही तेच करावे.

मिथ्रांदिर हे नाव एल्फांपुरते राहिले नाही, आणि इथून गंमत सुरू होते. गोंडोरच्या शिकलेल्या घरांत एल्फांची बोली चालते, म्हणून राजधानी मिनास तिरिथमध्ये राज्याचा कारभारी डेनेथोर, फारामिर, पहारेकरी बेरेगोंड, सगळे त्याला मिथ्रांदिरच म्हणतात. पण गोंडोर तर दक्षिणेला! मग दक्षिणेतले इंकानुस कोणाचे? साऱ्या कादंबरीत त्याला या नावाने कोणी हाक मारत नाही. फारामिरच्या तोंडून ते एकदा येते आणि संपते. टोल्किनलाही हे खटकले असावे, कारण त्याने दोन वेगवेगळे खुलासे लिहून ठेवले. एकात हे हाराद्रिम, म्हणजे गोंडोरच्याही दक्षिणेकडच्या हाराद देशातल्या लोकांच्या बोलीतले नाव आहे आणि त्याचा अर्थ ‘उत्तरेचा हेर’. म्हणजे तिकडच्या लोकांनी ठेवलेले संशयाचे नाव. १९६७ च्या टिपणात त्याने वेगळी वाट धरली. गँडाल्फ हारादमध्ये फार आत गेला असण्याचा संभव नाही, तेव्हा दक्षिण म्हणजे गोंडोरच, आणि तिथे क्वेन्या पुष्कळांना समजायची त्या जुन्या काळात हे नाव पडले असावे. अर्थ, मनांवर सत्ता चालवणारा. हा शब्द लॅटिनमध्येही पांढऱ्या केसांचा या अर्थाने बसतो, हे त्याच्या ध्यानात होते. दोन्ही खुलासे ‘अनफिनिश्ड टेल्स’मध्ये शेजारी शेजारी आहेत. आम्हाला पहिला आवडतो, कारण हेर म्हणून ओळखला जाणारा गँडाल्फ त्याच्या कामाशी जास्त जुळतो. पण लेखात एकच अर्थ ठामपणे दिला होता, तसे करू नये.

रोहान या घोडेस्वारांच्या राज्यातली नावे या यादीत नाहीत. एओमेर त्याला ग्रेहेम म्हणतो, म्हणजे राखाडी झग्याचा. राजा थेओडेन त्याचे स्वागत स्टॉर्मक्रो म्हणून करतो, वादळाची वर्दी देणारा कावळा. राजाचा कपटी सल्लागार ग्रीमा त्याला लाथस्पेल म्हणतो, वाईट बातमी. ही शेवटची दोन भर दरबारात तोंडावर फेकलेली आहेत आणि ती का फेकली जातात हे समजायला त्या आधीची सप्टेंबरची भेट ठाऊक हवी. ती पुढे येईलच. डेनेथोर त्याला राखाडी मूर्ख म्हणतो, तेही याच रांगेतले.

आता पूर्वेबद्दल. मालिकेच्या दुसऱ्या हंगामाच्या शेवटी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, त्या अनोळखी म्हाताऱ्याला गँडाल्फ हे नाव मिळते, तेही रून या पूर्वेकडच्या प्रदेशात आणि दुसऱ्या युगात. कादंबरीच्या परिशिष्ट ‘बी’मध्ये मात्र जादूगार मध्य-पृथ्वीवर आले ते तिसऱ्या युगाची साधारण एक हजार वर्षे उलटल्यावर. ते पश्चिमेकडून समुद्रमार्गे आले. राखाडी बंदरात किर्दान या एल्फाने आपल्याजवळची नार्या ही अग्नीची मुद्रिका गँडाल्फला दिली, कारण उतरलेल्यांत मोठा कोण हे त्याने पाहताक्षणी ओळखले. दुसरे युग संपते ३४४१ साली. म्हणजे मालिका त्याला किमान हजार वर्षे आधी आणते, समुद्राऐवजी आकाशातून आणते आणि तो जात नाही म्हणाला नेमक्या त्याच दिशेला नेते. मालिकाकारांनी काय करावे हा त्यांचा प्रश्न. पण वर्तमानपत्राने त्याला मूळ कथा म्हणू नये. कोणी म्हणेल, एरेबोरचा डोंगर पूर्वेलाच नाही का, आणि तिथे तर तो जातो! एरेबोर मर्कवुड जंगलाच्या पलीकडे आहे खरा, पण तो उत्तरेचाच मुलूख. यादीतली पूर्व म्हणजे रूनच्या समुद्राकडचा आणि त्याही पलीकडचा प्रदेश.

प्रवासाचा माग काढायचा असेल तर परिशिष्ट ‘बी’ उघडावे, सोबत मोठा नकाशा ठेवावा आणि वहीत पाच रकाने आखावेत: साल, तारीख, ठिकाण, हाक मारणाऱ्याने वापरलेले नाव आणि ही माहिती आपल्याला कोणी सांगितली. शेवटचा रकाना बहुतेक जण सोडतात आणि तिथेच घोडे पेंड खाते. गँडाल्फचा निम्म्याहून अधिक प्रवास आपल्यासमोर घडतच नाही. तो नंतर कोणीतरी सांगतो. ‘द हॉबिट’मध्ये (१९३७) तो मर्कवुडच्या काठावर बिल्बो हा हॉबिट आणि त्याच्या सोबतच्या ड्वार्फांना सोडून दक्षिणेत काम आहे म्हणून निघून जातो. ते काम डोल गुलदुर या साउरॉनच्या किल्ल्यावर चाल करून जाण्याचे होते, हे पुस्तकाच्या शेवटी दोन-चार ओळींत कळते. सारुमानच्या ऑर्थँक या मनोऱ्यातली कैद रिव्हेंडेलला एलरॉन्डच्या सभेत त्याच्याच तोंडून कळते. बालरॉग या अग्निदैत्याशी झालेली झुंज तिसऱ्या भागाच्या पाचव्या प्रकरणात तो सांगतो. घटना घडली केव्हा आणि सांगितली केव्हा हे वेगळे ठेवले नाही तर नकाशावरची रेघ मागेपुढे उड्या मारते.

दुसरी अडचण सालांची. हॉबिट लोक शायर या आपल्या मुलखाच्या सनात बोलतात, परिशिष्ट तिसऱ्या युगाच्या सनात. शायरच्या सालात १६०० मिळवले की तिसऱ्या युगाचे साल निघते. १४१८ म्हणजे ३०१८.

तिसरी अडचण भल्याभल्यांना चकवते. परिशिष्टातल्या तारखा शायरच्या पंचांगाच्या आहेत आणि त्या पंचांगात बाराही महिने सरसकट ३० दिवसांचे. फेब्रुवारीसुद्धा. उरलेले पाच दिवस कोणत्याच महिन्यात मोडत नाहीत. दोन यूलचे, वर्ष संपताना आणि सुरू होताना. तीन जून आणि जुलैच्या मधे, पहिला लाइथ, वर्षमध्य दिन आणि दुसरा लाइथ. लीप वर्षी तिथेच आणखी एक. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मोजले की उत्तर चुकणारच. गँडाल्फ १० जुलैला ऑर्थँकमध्ये अडकला आणि १८ सप्टेंबरच्या पहाटे सुटला. आपल्या हिशेबाने ७० दिवस, शायरच्या हिशेबाने ६८. अंगठी घेऊन निघालेली मंडळी २५ डिसेंबरला संध्याकाळी रिव्हेंडेलहून निघाली आणि १३ जानेवारीला मोरिया या ड्वार्फांच्या जुन्या खाणींच्या पश्चिम दारी पोचली. इथे उलटे होते. आपले कॅलेंडर १९ दिवस दाखवते आणि शायरचे २०, कारण यूलचे दोन दिवस मधे येतात.

ही पद्धत ३०१८ च्या शरद ऋतूवर वापरून पाहावी, कारण तिथे नोंदी जवळजवळ रोजच्या आहेत. जूनअखेर गँडाल्फ शायरमधून निघतो. ब्री गावच्या खाणावळीत फ्रोडोसाठी पत्र लिहून ठेवतो. पत्रावर तारीख वर्षमध्य दिनाची, म्हणजे कोणत्याच महिन्यात नसलेल्या दिवसाची. मजकूर असा की जुलैअखेरपर्यंत घर सोड. खाणावळवाला बटरबर ते पाठवायला विसरतो आणि फ्रोडोच्या हाती ते पडते २९ सप्टेंबरच्या रात्री, त्याच खाणावळीत. मधल्या काळात गँडाल्फ सारुमानच्या मनोऱ्यावर अडकलेला. ग्वाइहिर हा गरुड त्याला उचलतो आणि रोहानमध्ये उतरवतो. १९ तारखेला तो एडोरासच्या दारात भिकाऱ्यासारखा उभा राहतो, आत घेत नाहीत. २० ला घेतात, आणि थेओडेन म्हणतो, कोणताही घोडा घे पण निघ. गँडाल्फ ते शब्दशः घेतो. २१ ला शॅडोफॅक्स हा घोडा त्याला जवळ येऊ देत नाही, २२ ला तो त्याला गाठतो, आणि २३ ला वश झालेल्या घोड्यावरून रोहान सोडतो. थेओडेनचा राग या घोड्यावरूनचा आणि पुढच्या मार्चमधली ती दोन अपमानाची नावे याच रागातून आलेली. ग्रीमा तेल ओततच होता, पण ठिणगी घोड्याची.

पुढची ओळ तारखांसकट लिहून ठेवण्यासारखी आहे. २४ ला आयझेन नदी, २७ ला ग्रेफ्लड, २८ ला सार्न फोर्ड, २९ ला हॉबिटनमध्ये फ्रोडोचा सोबती सॅम याच्या बापाच्या दारात. सहा दिवसांत रोहान ते शायर. गँडाल्फ रोहानमधून निघाला त्याच दिवशी फ्रोडोने हॉबिटन सोडले होते, आणि गँडाल्फ शायरच्या हद्दीला लागला तेव्हा फ्रोडो बॅरो-डाउन्सवर बॅरो-वाइट या थडग्यातल्या भुताच्या तावडीत होता. ३० ला गँडाल्फ क्रिकहॉलो करून रात्री ब्रीला येतो. फ्रोडो त्याच दिवशी सकाळी तिथून निघालेला! १ ऑक्टोबरला गँडाल्फ ब्री सोडतो आणि वेदरटॉप टेकडीकडे जाताना फ्रोडोच्या पुढे निघून जातो. ३ च्या रात्री नाझगुल, म्हणजे साउरॉनचे काळे घोडेस्वार, त्याच्यावर तुटून पडतात. त्या रात्री पूर्वेकडे आभाळ उजळलेले हॉबिटांचा वाटाड्या ॲरागॉर्न आणि हॉबिटांनी दुरून पाहिले. ६ ला ते वेदरटॉपवर चढतात तेव्हा त्यांना एक सपाट दगड मिळतो. त्यावर नखाने ओढल्यासारख्या बारीक रेघा, गँडाल्फची खूण आणि पुढे तीन रेघोट्या. ॲरागॉर्न अर्थ लावतो की तो तीन तारखेला इथे होता. टेकडीखालच्या तळावर हल्ला होऊन फ्रोडोला जखम होते ती याच रात्री. पुढे ट्रोलांच्या खडकाळ मुलखात घोडा चालेना, म्हणून गँडाल्फने शॅडोफॅक्सला परत पाठवले आणि १८ ऑक्टोबरला तो रिव्हेंडेलला पोचला. अंगठी आली २० ला. गँडाल्फ पोचला तो ऑर्थँकमधून सुटल्यापासून बरोबर ३० दिवसांनी.

या एका महिन्यात त्याला नावे किती वापरावी लागली, हे मात्र पुस्तक सांगत नाही. पण चौथा रकाना भरणाऱ्याला एक गोष्ट दिसेल. शायर, ब्री आणि उत्तरेची वाट इथे हाक फक्त गँडाल्फची. मिथ्रांदिरचा राबता सुरू होतो तो एल्फांच्या किंवा गोंडोरच्या हद्दीत.

जुन्या काळातल्या फेऱ्या थोडक्यात. २०६३ साली तो डोल गुलदुरला गेला आणि साउरॉन पूर्वेकडे पळाला. २८५० ला पुन्हा त्याच किल्ल्यात शिरला, म्हणजे ७८७ वर्षांनी, आणि आतला मालक साउरॉनच आहे याची खात्री करून घेतली. तिथल्या कोठडीत मरणाला टेकलेला एक ड्वार्फ भेटला. त्याने एरेबोरचा नकाशा आणि किल्ली दिली. तो थ्राइन होता, पण त्याला स्वतःचे नाव आठवत नव्हते आणि मुलाचेही त्याने सांगितले नाही. म्हणून गँडाल्फने ती किल्ली ९१ वर्षे जवळ बाळगली. मालक सापडला २९४१ ला, थोरिन. एका नावाच्या अभावी एरेबोरची मोहीम इतकी रखडली, हे नावांवरच्या लेखात यायला हवे होते. २८५१ च्या सभेत त्याने डोल गुलदुरवर हल्ला करा असे सांगितले आणि सारुमानने मोडता घातला, तोही ९० वर्षे टिकला.

मोरियानंतर तो राखाडीचा पांढरा झाला, त्याबद्दल लेखात ‘बढती’ हा शब्द आहे. बढती मिळालेला माणूस आधी मरत नाही. १५ जानेवारी ३०१९ ला तो मोरियातल्या पुलावरून पडला. २३ ला बालरॉगचा पाठलाग करत झिराकझिगिलच्या शिखरावर आला, २५ ला त्याला खाली फेकले आणि स्वतःही गेला. देह शिखरावर पडून राहिला. १४ फेब्रुवारीला तो परत आला, म्हणजे शायरच्या हिशेबाने १९ दिवसांनी. आपले काम अपुरे होते म्हणून परत पाठवले गेलो, असे तो सांगतो. १७ ला ग्वाइहिरने त्याला लोथलोरिएन या एल्फांच्या वनात नेले आणि तिथे त्याला पांढरी वस्त्रे मिळाली. फ्रोडोची मंडळी तिथून १६ ला निघाली होती. एका दिवसाची चुकामूक पुन्हा! १ मार्चला फॅन्गॉर्नच्या जंगलात ॲरागॉर्न, लेगोलास आणि गिमली त्याला गँडाल्फ म्हणतात, तेव्हा तो जरा थबकतो, जुनी वस्तू आठवावी तसा, आणि मग म्हणतो की हो, हे नाव होते, तुम्ही अजून मला त्या नावाने हाक मारू शकता. पांढरा हे नवे पद मिळूनही त्याने नवे नाव मागितले नाही. एल्फांनी मिथ्रांदिरही सोडले नाही, जरी राखाडी रंग गेला होता.

चित्रपटांनी घातलेले काही घोळ इथेच निस्तरतो. पुस्तकातली टोपी निळी आहे. उंच, टोकदार, निळी, खाली राखाडी झगा आणि रुपेरी गळपट्टा. लेखासोबतच्या चित्रात टोपी राखाडी आहे, ती चित्रपटातली. दुसऱ्या चित्रपटात (२००२) तो म्हणतो की माणसांची तीनशे आयुष्ये मी या भूमीवर चाललो. साधारण १००० ते ३०२१ म्हणजे दोन हजारांवर थोडी वर्षे, भागिले तीनशे, माणशी पावणेसात वर्षे! हे वाक्य पुस्तकात नाही. पहिल्या चित्रपटात तो बिल्बोच्या मेजवानीनंतर जाऊन थोड्या दिवसांत परत आलासा वाटतो. पुस्तकात मेजवानी ३००१ ची आणि फ्रोडोचे प्रयाण ३०१८ चे, १७ वर्षे. त्यातली पहिली काही वर्षे तो अधूनमधून यायचा. मग ३००८ च्या शरदापासून ३०१८ च्या १२ एप्रिलपर्यंत फ्रोडोला दिसलाच नाही. त्या काळात तो अधूनमधून ॲरागॉर्नसह अंगठीचा जुना मालक गोलम याला अँडुइनच्या खोऱ्यापासून मॉर्डोरच्या सीमेपर्यंत शोधत होता आणि मिनास तिरिथच्या दप्तरखान्यात इसिल्दुर या जुन्या राजाची गुंडाळी वाचत होता. वर्षानुवर्षे चाललेला हा प्रवास पडद्यावर काही मिनिटांत उरकला आहे. शेवटच्या चित्रपटाच्या लांब आवृत्तीत नाझगुलांचा प्रमुख त्याची काठी मोडतो, तेही पुस्तकात घडत नाही. काठी मोडली जाते सारुमानची, आणि मोडतो गँडाल्फ.

नाव टोल्किनने आणले कुठून, हे लेखात होते पण अर्धवट. जुन्या नॉर्स ‘व्होलुस्पा’ या काव्यात ड्वार्फांच्या नावांची एक यादी आहे. थोरिन, फिली, किली, बोंबुर आणि त्यांतच गँडाल्फ्र. ‘द हॉबिट’च्या पहिल्या खर्ड्यात म्हणूनच गँडाल्फ हा ड्वार्फांचा म्होरक्या होता आणि जादूगाराचे नाव होते ब्लाडोर्थिन. पुढे टोल्किनने अदलाबदल केली. म्होरक्या थोरिन झाला, जादूगाराला गँडाल्फ मिळाले. ब्लाडोर्थिन वाया गेले नाही. छापील पुस्तकात ते एका फार पूर्वी मेलेल्या राजाचे आहे, ज्याच्यासाठी घडवलेले भाले ड्रॅगनच्या खजिन्यात पडून आहेत. रूपाबद्दल बोलायचे तर १९४६ च्या एका पत्रात टोल्किनने त्याला ओडिन या नॉर्स देवाच्या धर्तीचा भटक्या म्हटले आहे, आणि माडलेनर या जर्मन चित्रकाराच्या एका पोस्टकार्डाच्या पाकिटावर गँडाल्फचे मूळ असे लिहून ठेवले होते. त्या चित्रात एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा हरणाला कुरवाळतो आहे. मागे डोंगर.

सारुमानशी केलेली तुलना लेखात हुकली म्हणून सांगतो. गँडाल्फची सगळी नावे दुसऱ्यांनी ठेवली आहेत, शिव्यासुद्धा. सारुमान मात्र ऑर्थँकमध्ये स्वतःच स्वतःला बिरुदे लावतो, अंगठी घडवणारा, अनेक रंगांचा. शेवटी शायरमध्ये त्याच्या वाट्याला येते शार्की, म्हणजे म्हातारा, आणि ते ऑर्कांच्या बोलीतून आलेले असावे अशी टीप टोल्किनने दिली आहे.

लेखाचा पुढचा भाग निळ्या जादूगारांवर येणार असे वाचले. तो लिहिताना दोन ठिकाणची माहिती एकत्र कालवू नये, ही विनंती. ‘अनफिनिश्ड टेल्स’मध्ये ते दोघे आलातार आणि पलांदो, सारुमानबरोबर पूर्वेला गेलेले आणि न परतलेले. टोल्किनच्या अखेरच्या वर्षांतल्या टिपणांत (ती १९९६ मध्ये छापली गेली) त्यांची नावे मोरिनेहतार आणि रोमेस्तामो आहेत, आणि ते दुसऱ्या युगातच आले, तिकडे साउरॉनच्या कामात खोडा घालून गेले, असे आहे. मालिकेच्या त्या अनोळखी म्हाताऱ्याला पूर्वेत आणि दुसऱ्या युगात जागा हवी होती, तर ती इथे तयार होती.

आपले,
टोल्किनचे काही वाचक, पुणे